अर्ध्या किलोचं खोकं

रिकामी जागा मला बघवत नाही. हा स्वभाव नाही, नोकरीचा परिणाम आहे. मी दैनिकाच्या डेस्कवर काम करतो. पान सोडायच्या वेळी खालच्या कोपऱ्यात दोन बोटं जागा पांढरी राहिली, तर ती कशानेही भरायची असते. कुठल्याशा बेटावर सापडलेलं कासव, जगातली सर्वांत लांब मिशी, काहीही. वाचकाला कासव नको असतं. मलाही नको असतं. पण पांढऱ्या जागेबद्दल संपादक केबिनमध्ये बोलावतात, आणि कासवाबद्दल आजवर कुणी कुणाला बोलावलेलं नाही. पुढे जे घडलं ते समजायला एवढं पुरे.

सुरुवात बायकोच्या घोट्यापासून झाली. शाळेच्या जिन्यावर पडून मोडलेलं तिचं हाड वेडंवाकडं जुळलं होतं. ते पुन्हा सोडवून, पट्टी आणि स्क्रू घालून नीट बसवायचं आणि मग सहा आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही, असं ठरलं. ती गणित शिकवते. उभ्याने शिकवते, उभ्याने चहा पिते, टीव्हीवरच्या बातम्यासुद्धा सोफ्याच्या पाठीला टेकून उभ्यानेच बघते. ऑपरेशनची तारीख मिळाली त्या संध्याकाळी पेपर तपासता तपासता ती म्हणाली, "ऑपरेशनची नाही हो मला भीती. नुसतं पडून राहायची आहे. पडून राहिलं की डोक्यात नको नको ते सुरू होतं." आणि तिने पुढचा पेपर ओढला. या बाईला कशाची भीती वाटते असं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. पालीला ती 'बाजूला हो' म्हणते आणि पाल होते.

तिचं मन कशात रमेल यावर घरात बराच विचार झाला. पुस्तक ती एका बैठकीत फस्त करते आणि विणकामाने चिडते. मग तिनेच लहानपणीची गोष्ट काढली. तिच्या आतेभावाकडे हातात धरून खेळायचा एक गेम होता. साबणाच्या वडीपेक्षा जरासं मोठं यंत्र, काळापांढरा पडदा, दोन बटणं. त्यात एक पोस्टमन उंच इमारतीचे मजले चढत दारादारांत पत्रं टाकतो आणि वरच्या खिडक्यांतून लोक त्याच्यावर फुलझाडांच्या कुंड्या टाकतात. का टाकतात ते यंत्र सांगत नाही. पत्रात काय आलं असेल यावर आपण तर्क करायचा. ती एकोणिसाव्या मजल्यापर्यंत पोचली होती. तेवढ्यात आत्याच्या यजमानांची बदली झाली आणि पोस्टमनही त्यांच्याबरोबर गेला. हे सांगताना तिचे दोन्ही अंगठे लाल पेनावर आपोआप हलत होते.

योगायोग असा, की तोच गेम मूळ कंपनीने पुन्हा बाजारात आणल्याची बातमी मी आदल्याच आठवड्यात कासवाच्या जागी लावली होती. मोजकेच नग, आणि तेही फक्त कंपनीच्या स्वतःच्या देशात. मी हे बोललो तेव्हा बायकोचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, बहिणीची चौकशी करायला आला होता. चौकशी संपून तो बिस्किटांवर आला होता. तो हसला आणि म्हणाला, "भाऊजी, बातमी लावणं वेगळं आणि वस्तू आणणं वेगळं."

मेहुण्याच्या हसण्यावर ज्यांनी संयम ठेवला आहे अशी माणसं असतीलही. मी तिथल्या तिथे बायकोला सांगितलं, "तू ऑपरेशनला जाशील तेव्हा तो गेम तुझ्या हातात असेल. मी आजवर एकही डेडलाइन चुकवलेली नाही." बायकोने लाल पेनाला टोपण लावलं. ती तपासणीच्या मध्ये पेनाला कधी टोपण लावत नाही. म्हणजे तिने विश्वास ठेवला होता. इथून माघार बंद झाली.

दुकानाने मला नम्रपणे कळवलं की ते देशाबाहेर काही पाठवत नाहीत. यावर उपाय म्हणजे फ्रेट फॉरवर्डर, हे मला आमच्या व्यापारपानाच्या वार्ताहराने सांगितलं. ही माल पोचवणारी कंपनी असते. ती आपल्याला परदेशातल्या तिच्या गोदामाचा पत्ता वापरायला देते. दुकानाने माल त्या गोदामात टाकायचा, फॉरवर्डरने तो बांधून विमानाने आपल्याकडे धाडायचा. सरळ मामला. मी फोन लावला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलत होता की त्याच्याशी भांडण कसं करता येईल याचीच मला पुढे अडचण झाली. त्याने सांगितलं की त्यांची कमीत कमी आकारणी एका खोक्याची असते. खोकं केवढं, तर त्यात फ्रिज उभा राहील. मी म्हणालो, माझी वस्तू वेष्टनासकट अर्धा किलो भरेल.

"चालेल की सर," तो म्हणाला. "रिकामं पाठवलं तरी तेच भाडं, भरून पाठवलं तरी तेच."

हे वाक्य मी ऐकायला नको होतं. ऐकलं ते ऐकलं, घरी सांगायला नको होतं. आणि घरी सांगितलं ते सांगितलं, जिन्यात उभं राहून तर मुळीच सांगायला नको होतं.

आमच्या जिन्यात सगळ्यात आधी भेटतात ते ऑडिटरकाका. निवृत्त झाले असले तरी हिशेब तपासायची सवय निवृत्त झालेली नाही. हल्ली ते ती शेजाऱ्यांवर भागवतात. त्यांनी तिथेच, कठड्याला टेकून, खोक्याचं आकारमान काढलं, त्यातून गेमचं आकारमान वजा केलं आणि मान हलवली. त्यांच्या मते मी परदेशातून मुख्यतः हवा मागवत होतो. इथे काय हवेचा तुटवडा आहे का, असं त्यांनी मला गंभीरपणे विचारलं. भाडं भरलेली एवढी जागा वाया घालवणारा माणूस त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता, आणि त्यांनी सरकारी खाती तपासलेली आहेत.

संध्याकाळपर्यंत ही बातमी चारही मजल्यांवर पोचली. समोरच्या दारातल्या वहिनींचं ब्यूटी पार्लर आहे. त्यांच्याकडे मुली केशरचना शिकायला येतात, आणि त्यासाठी लागणारं खऱ्या केसांचं रबरी मुंडकं इथे चांगलं मिळत नाही. एक मुंडकं काही जड नाही भावजी, असं त्या म्हणाल्या, आणि मला ते पटलं. सोसायटीच्या सेक्रेटरींना वॉकीटॉकीची जोडी हवी होती. तिसऱ्या मजल्यावरून वॉचमनला हाका मारून मारून त्यांचा घसा बसतो आणि वॉचमनच्या झोपेवर काही परिणाम होत नाही. मग मेहुण्याचा फोन आला. इतका मधाळ आवाज त्याने लग्नात कानपिळीच्या वेळीही काढला नव्हता. त्याला घडी घालता येणारी व्यायामाची सायकल हवी होती. डॉक्टरांनी सांगितलं आहे म्हणे. वस्तू आणणं वेगळं, याची मी त्याला आठवण करून दिली नाही. माणसाने मोठेपणा दाखवावा तो अशा वेळी. शिवाय सायकलने अर्धं खोकं भरत होतं, आणि ते मला बरं वाटलं.

ऑडिटरकाकांनी स्वतःसाठी काहीच मागवलं नाही. त्यांचं तत्त्व आहे. पण खोक्यात काय कुठे बसेल याचा आराखडा त्यांनी चौकटीच्या कागदावर काढला आणि त्यात मुंडक्याचं नाक सायकलच्या पॅडलला लागत असल्याबद्दल हरकत नोंदवली. सगळ्यांनी आपापल्या वस्तू गोदामाच्या पत्त्यावर मागवल्या. खोकं माझ्या नावाने येणार होतं. हा मुद्दा तेव्हा किरकोळ वाटला.

बांधणी झाल्यावर फॉरवर्डरने खोक्याचा फोटो पाठवला. तो मी पानाच्या प्रूफसारखा बघितला. सायकल, तिच्या कुशीत मुंडकं, वर वॉकीटॉकी, मधोमध गेमची इवलीशी डबी. आणि खाली उजव्या कोपऱ्यात जागा रिकामी.

मी फोटो बंद केला. पुन्हा उघडला. जेवायला बसलो, उठलो, पुन्हा उघडला. ती जागा वीतभर लांब आणि चार बोटं रुंद होती आणि ती माझ्याकडे बघत होती. झाकण लावायच्या आत काही आलं तर घालतो, असं फॉरवर्डरने गोड आवाजात सांगितलेलं होतं. मी त्या देशातल्या एका दुकानाच्या वेबसाइटवर गेलो आणि त्या मापात बसेल, त्याच दिवशी पोचेल अशी वस्तू शोधली. एकच सापडली. मी ती मागवली. नवा फोटो आला तेव्हा पान भरलं होतं. मला शांत झोप लागली.

ती वस्तू म्हणजे कुत्र्याच्या तोंडाला बांधायची जाळी होती. आमच्याकडे कुत्रा नाही.

विमान वेळेवर उतरलं. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण या प्रकरणात वेळेवर झालेली ती शेवटची गोष्ट. ऑपरेशनला चार दिवस उरलेले असताना फॉरवर्डरचा फोन आला. कस्टमने माल तपासणीसाठी ठेवून घेतला होता. आवाजातला गोडवा तसूभरही कमी न करता तो म्हणाला, "सर, एक्स-रेमध्ये तुमच्या खोक्यात एक डोकं दिसतंय."

कस्टमचं कार्यालय म्हणजे मालाच्या शेडला काढलेली एक लांब खोली. जमिनीत बसवलेला वजनकाटा, सुतळीची रिळं, पत्र्याची टेबलं, कोपऱ्यात कुंडीतलं एक झाड आणि भिंतीवर एक घड्याळ. दारातच मोबाइल जमा करून घेतात. खोलीवर राज्य असतं तपासणी अधिकारी बाईंचं. सगळे त्यांना नुसतं मॅडम म्हणतात. चष्मा साखळीने गळ्यात, आवाज हळू, आणि समोरचा बोलत असताना त्या त्याच्या बोलण्याऐवजी त्याच्या कानाकडे बघतात. त्याने माणूस खचतो. मी उपसंपादकाला साजेशा नेमक्या शब्दांत मुंडक्याचा खुलासा केला. मॅडमनी कानाकडे बघत तो ऐकून घेतला आणि सांगितलं की डोक्याचं ठीक आहे, ते रबराचं असल्याचं त्यांना कळलं होतं. अडचण पुढेच होती. वॉकीटॉकीला वायरलेस खात्याचा परवाना लागतो. व्यायामाची सायकल, पार्लरचं सामान आणि खेळणं एकाच माणसाच्या नावावर आलं, की तो माणूस व्यापारी समजला जातो. आणि जाळी जनावराची असल्यामुळे पशुवैद्यकीय खात्याने विचारणा केली होती, की कुत्रा कुठे आहे.

कुत्रा नाही, असं मी सांगितलं. मग जाळी कशाला, असं त्यांनी विचारलं.

आता 'कोपरा भरायला' हे उत्तर आमच्या कार्यालयात कुणालाही पटलं असतं. मी ते देऊन पाहिलं. मॅडमनी दुसऱ्या कानाकडे बघितलं.

मी विनंती केली की बाकीचं राहू द्या, तो एवढा अर्ध्या किलोचा गेम सोडा. बायकोचं ऑपरेशन आहे. पण एक खोकं म्हणजे एक माल. सुटला तर सगळा सुटतो, अडकला तर सगळा अडकतो. जो एकटा सुटसुटीत आला असता तो पोस्टमन आता सायकल, मुंडकं, वॉकीटॉकी आणि नसलेला कुत्रा यांच्यासकट आत बसला होता. आणि त्यांना आत मीच घेतलं होतं, जागा वाया जाऊ नये म्हणून.

पुढचे दोन दिवस मी कार्यालयांचे जिने मोजण्यात घालवले. पशुवैद्यकीय खात्याने कुत्रा नसल्याचा दाखला मागितला. असा दाखला कुणीच देत नाही. कुत्रा असल्याचा देतात. ऑडिटरकाकांनी सुचवलं की सोसायटीचं पत्र चालेल. सेक्रेटरींनी ते लेटरहेडवर लिहून दिलं, पण सवयीने जबाबदारी टाळायला त्यात 'सध्या' हा शब्द घातला. सध्या कुत्रा नाही, हे वाचून खात्यातल्या डॉक्टरांनी पुढचा विचार काय आहे असं विचारलं. मी शपथेवर सांगितलं की मला कुत्रा पाळायचा नाही, कधीच पाळायचा नव्हता. टेबलाखाली त्यांचाच कुत्रा झोपला होता. त्याने डोकं वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

घरी बायको काही विचारत नव्हती. दवाखान्याची पिशवी तिने भरून दाराशी ठेवली होती. आमचा संवाद एवढाच, की मी आलो की ती माझ्या हातांकडे बघायची, आणि मग पाणी आणायला वळायची, काठी टेकत. या दोन दिवसांत ती जास्तच उभी राहत होती. पहाटे मी उठलो तर खिडकीशी उभी असायची. मेहुणा मात्र रोज फोन करून सायकलची चौकशी करायचा.

शेवटी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मॅडमनी मार्ग काढला. ज्याची वस्तू त्याने समक्ष यावं आणि ती स्वतःच्या वापराची आहे हे वापरून दाखवावं. पाच वाजता कार्यालय बंद होतं; त्याच्या आत झालं तर माल सुटेल, नाही झालं तर सुट्टीनंतर बघू. आम्ही दुपारीच शेडमध्ये हजर झालो. आमच्या जिन्यातली माणसं एवढ्या शिस्तीत एका रांगेत मी प्रथमच पाहिली.

वहिनींनी मुंडकं टेबलावर ठेवून त्याची सागरवेणी घातली. सफाई अशी, की वजनकाट्यावरचा हमाल काम टाकून बघत राहिला आणि मॅडमचा हात नकळत स्वतःच्या अंबाड्याकडे गेला. मुंडकं सुटलं. सेक्रेटरींची वॉकीटॉकी परवान्याअभावी जप्त झाली. ते सही करताना इतके हळू बोलले, की वॉचमनने ऐकलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं. मेहुण्याला सायकल उलगडून तीवर बसायला सांगण्यात आलं. तो बसला. चालवा, असं मॅडम म्हणाल्या. तो चालवू लागला. मग त्यांना कुणीतरी कागदावर सही मागितली आणि त्या थांबा म्हणायच्या विसरल्या. मी आठवण करून दिली नाही. मोठेपणा माणसाने किती वेळा दाखवायचा.

मग जाळी. ती वापरून कशी दाखवणार? ऑडिटरकाका काही मागवलेलं नसताना देखरेखीसाठी आले होते. त्यांचं मत पडलं की वस्तू ज्याच्या नावावर, दाखवण्याची जबाबदारी त्याची. याला दुसरा अर्थ होत नाही. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. या वेळी कानाकडे नाही, तोंडाकडे. मी घड्याळ पाहिलं, चार वाजून गेले होते. मी माझ्या नोकरीची सर्व वर्षं, दोन पुरस्कार आणि शुद्धलेखनाच्या नियमांवरचं माझं सदर मनातल्या मनात आठवलं, आणि जाळी तोंडाला लावली. मागचा पट्टा वहिनींनी लावून दिला. बरोब्बर बसली.

तशा अवस्थेत मी मॅडमना गेमबद्दल समजावू लागलो, पण जाळीतून आवाज स्पष्ट येत नव्हता. पट्टा सोडायला गेलो तर त्याला परदेशी पद्धतीचा खटका होता. एवढं मात्र त्यांना कळलं, की हे खेळणं मी बायकोसाठी मागवलं आहे. बायकोचं वय त्यांनी विचारलं. ते ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. अशी बायको त्यांनी कागदोपत्री पुष्कळ पाहिली होती. समक्ष एकही नाही. त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. फोनवर मी काय बोललो ते बायकोला कितपत समजलं कोण जाणे, पण ती रिक्षा करून, एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने भिंत धरत आली. दारात थांबून तिने मेहुण्याला पाहिलं, जो घामाने निथळत कुठेही न जाणारी सायकल चालवत होता. वेणी घातलेलं मुंडकं पाहिलं. आणि मग मला.

"अहो," ती म्हणाली, "तोंडाला काय लावलंय?"

मी सांगितलं. कुणालाच कळलं नाही.

शिपायाने गेमची डबी उघडून यंत्र तिच्या हातात दिलं. तिने ते उलटसुलट केलं, अंगठे बटणांवर ठेवले आणि बटण दाबलं. पडदा कोराच राहिला. यंत्राला दोन पेन्सिल सेल लागत होते आणि ते डबीत नव्हते. पाच वाजायला वीस मिनिटं कमी होती. बाहेर दुकानात जाऊन यायचं तर फाटकावर पुन्हा झडती, पुन्हा पास. बायकोने यंत्र हळूच टेबलावर ठेवलं. "राहू द्या," ती म्हणाली. "झालं की करून तुम्ही."

ही बाई 'राहू द्या' म्हणत नाही. तिच्या वर्गात ज्यांचं गणित सुटलं नाही ती मुलं अजून कुठेतरी फळ्यासमोर उभी असतील. मॅडमनी तिच्या घोट्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, आणि शिपायाला म्हणाल्या, "त्या घड्याळातला काढ."

शिपाई स्टुलावर चढला. एक सेल भिंतीवरच्या घड्याळातून निघाला. दुसरा शेजारच्या रोखपालांच्या खोलीतल्या घड्याळातून आणला. पडद्यावर इमारत उभी राहिली आणि पायथ्याशी पोस्टमन आला.

पहिल्या तीन पोस्टमनांचा दुसऱ्या मजल्याच्या आत कुंड्यांनी निकाल लावला. चौथ्याच्या वेळी तिच्या अंगठ्यांना काहीतरी आठवलं. तो चौथा मजला चढला, सातवा चढला. हमाल जवळ आले. बाराव्या मजल्यावर वहिनींनी मुंडकं काखेत धरून मान पुढे केली. पंधराव्यावर रोखपाल किल्ल्यांचा जुडगा घेऊन खिडकी बंद करायला आले आणि कुलूप हातात घेऊन तिथेच थांबले. बायको बसली होती. हे कुणाच्या लक्षात आलं नसेल, मला आलं. ती सुतळीच्या रिळांवर पाय लांब करून बसली होती, काठी कधीच खाली पडली होती.

भिंतीवर पाचला वीस मिनिटं कमी होती. पंधराव्यावर होती, सतराव्यावर होती, अठराव्यावरही तेवढीच कमी होती. त्या इमारतीत एकच घड्याळ चालू होतं, माझ्या मनगटावरचं. मी हळूच पाहिलं. पाच केव्हाच वाजून गेले होते. उभ्या हयातीत वेळ झाली की ती मोठ्याने सांगणं हे माझं काम. मी शर्टाची बाही खाली ओढली आणि बटण लावलं. बोलायला गेलो असतो तरी तोंडाला जाळी होतीच.

एकोणिसाव्या मजल्यावर तिने श्वास रोखला. चार खिडक्या एकदम उघडल्या. "डावीकडे," मॅडम म्हणाल्या, आवाज अजिबात न चढवता, "डावीकडे, बाई, लाल कुंडी." काळ्यापांढऱ्या पडद्यावर कुठली लाल कुंडी, पण बायकोला कळलं. पोस्टमन डावीकडे सरकला, पत्र पडलं, जिना आला, आणि शेडमध्ये असा गलका उठला की मेहुण्याला वाटलं आपल्यासाठीच आहे; त्याने सायकल अजून जोरात मारली. विसाव्या मजल्यावर काय होतं? एकविसाव्याचा जिना होता. बायकोला त्याचा कोण आनंद झाला.

'वापर वैयक्तिक', असं मॅडमनी कागदावर लिहिलं, वेळ भिंतीवर पाहून टाकली आणि शिक्का मारला. रोखपालांनी पावती फाडली. मेहुण्याला उतरायला सांगितलं तेव्हा त्याला दोघांनी उतरवलं. सेल सुट्टी संपेपर्यंत राहू द्या, घड्याळाला काय घाई आहे, असं मॅडम बायकोला म्हणाल्या. बाहेर आल्यावर अंधार पाहून कार्यालयातली मंडळी चकित झाली. शिपायाचा अंदाज असा की आभाळ आलं असावं.

जाळीचा खटका घरी ऑडिटरकाकांनी काढला. स्क्रूड्रायव्हरने.

सकाळी दवाखान्यात कमरेखालचा भाग बधिर करून ऑपरेशन करायचं ठरलं. पेशंट जागाच राहणार होता. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, गाणी लावू का? बायकोने गेम दाखवला. त्यांनी तो उलटापालटा केला, पारदर्शक पिशवीत घातला, पिशवीचं तोंड बंद केलं आणि तिच्या हातात परत दिला. स्ट्रेचर दारापर्यंत आलं. मी विचारलं, भीती वाटतेय का. तिने पोस्टमनला जिन्याच्या आडोशाला उभं केलं, पिशवीतल्या गेमसकट माझा हात एकदा घट्ट दाबला, आणि म्हणाली, "आता बाजूला व्हा. बाविसावा आहे."

मी झालो. दार बंद झालं.

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसणं हे काम माझ्याइतकं वाईट कुणाला जमत नसेल. सकाळपासून पट्टी आणा, स्क्रू आणा, इंजेक्शनं आणा, असं सांगून मला जिना खालीवर करायला लावलं होतं, ते उलट बरं होतं. आता कुणी काही सांगत नव्हतं. मेहुणा शेजारी बसला होता. त्याच्या पोटऱ्या आखडल्या होत्या, तरी तो आला होता आणि हसत नव्हता. ठरलेला वेळ संपला. त्यावर आणखी बराच गेला. दारावरचा दिवा तसाच लाल. मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग त्यावरचा विश्वास उडाल्यामुळे मनगटावरचं बघितलं.

दार उघडलं. मास्क लावलेल्या सिस्टर बाहेर आल्या, कपाळाला आठ्या, हातात हातमोजे. पेशंटचे मिस्टर कोण, असं त्यांनी विचारलं. मी उभा राहिलो.

"दोन पेन्सिल सेल घेऊन या," त्या म्हणाल्या. "लवकर. डॉक्टर थांबलेत."

मी सकाळपासून काहीही न विचारता सगळं आणलं होतं. पण आता धीर करून विचारलं, "सिस्टर, घोट्यात सेलसुद्धा घालतात?"

"घोटा कधीच झाला हो. टाके घालून पट्टीही बांधली," सिस्टर म्हणाल्या. "त्या एकतिसाव्या मजल्यावर आहेत आणि सेल संपत आलेत. डॉक्टर म्हणतायत, एवढा झाल्याशिवाय कुणी स्ट्रेचरला हात लावायचा नाही."

मी जिन्याकडे धावलो. मेहुणा माझ्याही चार पायऱ्या पुढे होता.